कोण्या गावची शिंपी

पावसाळ्यात माझी आई लोकांच्या ज्वारीतली शिंपी काढायची आणि उन्हाळ्यात गंगेतली शिंपी वेचायची. पहिली शिंपी म्हणजे गवत. पेरणीनंतर पंधरा दिवसांत ते पिकाच्या बरोबरीनं उभं राहतं आणि खुरपं लावलं नाही तर पिकाच्या डोक्यावर बसतं. दुसरी म्हणजे नदीतला शिंपला. आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. पाणी आटलं की गाळात हात घालून शिंप्या काढायच्या आणि चुनेवाल्याला द्यायच्या. तो त्या भट्टीत भाजून पानाला लावायचा चुना करी.

बाप नावेवर होता. एका पुरात नाव आणि घाटाची पायरी यांच्यामध्ये त्याचा पाय सापडला आणि तो कायमचा ओट्यावर बसला. तेव्हापासून घर चाललं ते आईच्या दोन हातांवर. त्या हातांना बारा महिने चिरा असत. कोणती चीर गवताची आणि कोणती शिंपल्याची हे तिला डोळे मिटून सांगता यायचं. पण तिला ते कधी कुणी विचारलं नव्हतं. मालक लोक तिला नावानंसुद्धा हाक मारत नसत. "ए बाई, ती पात राहिली बघ," एवढंच.

पहिल्यांदा विचारलं ते बसाप्पांनी.

बसाप्पा आमच्या गावचे किराणा दुकानदार. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, अंगात गुडघ्यापर्यंत येणारा बंद गळ्याचा कोट. सारं गाव त्यांना अप्पा म्हणायचं. आमचं गाव गंगाखेडपासून कोसभर, आणि दुकान तेवढं एकच. त्यामुळं अप्पांचा स्वभाव सोसल्याशिवाय कुणाच्या घरात मीठ येत नसे.

स्वभाव असा, की गिऱ्हाइकानं एखाद्या वस्तूचं नाव घेतलं की अप्पा तागडी खाली ठेवायचे आणि विचारायचे, "कोण्या गावचं?"

"काय कोण्या गावचं, अप्पा?"

"हे नाव. तू सराटा म्हनलास. तुझी बायको पोखर्णीकडची. ती सराटा म्हनती का गोखरू?"

"ती काय बी म्हनंल. माझ्या पायात मोडलाय तो."

"पायात मोडला ते समजलं. इचारून ये."

आणि माणूस खरंच लंगडत घरी जाऊन विचारून यायचा, कारण त्याशिवाय गूळ मिळत नसे. शिंपी या नावानं तर अप्पांना अगदी वेड लावलं होतं. "आमच्या गावात शिंपी म्हनलं की गवत, शिंपला आणि मारुती," असं ते सांगायचे. मारुती म्हणजे गावातला कपडे शिवणारा. तो चिडायचा. "मला गवतात धरू नका अप्पा," म्हणायचा. अप्पा शांतपणे उत्तर द्यायचे, "धरलं न्हाई. तू तिसरा हाईस. आधी गवत, मग गंगेतली, मग तू. वयाप्रमाणं लावलंय."

हे सगळं ते लिहून ठेवत. पुड्या बांधायचा कागद मापानं कापून, दाभणानं शिवून त्यांनी जाडजूड वही केली होती. अक्षर मोडी. प्रत्येक पानावर वाळवलेलं गवत नाहीतर पाला दोऱ्यानं टाचलेला, आणि खाली तीन गोष्टी: नाव, गाव, आणि सांगणारी कोण. सांगणारी असंच लिहायचे, कारण त्यांचा पुरुषांवर भरवसा नव्हता. "गडी मानूस गवताकडं बैलाच्या तोंडानं बघतो," ते म्हणत. "बाई खाली बसून बघती. नाव बाईलाच इचारावं."

दर आठवड्याला ते तट्टावर माल घालून बाजार करायचे. राणीसावरगाव, पोखर्णी, कधीकधी थेट पाथरी. मालाचं निमित्त. जाताना ज्या शेतात बायका खुरपायला बसलेल्या दिसत तिथं तट्टू थांबायचं. त्या तट्टालाही सवय झाली होती. अप्पांनी लगाम ओढायच्या आधीच ते बांधाला लागायचं. एकदा मात्र त्यानं घात केला. पाथरीच्या वाटेवर अप्पांनी दिवसभर फिरून अकरा जातींचं गवत जमवलं आणि पाणी प्यायला विहिरीवर गेले. परत येईपर्यंत तट्टानं सगळी पेंडी संपवली होती. त्या दिवसाच्या एकाही पानावर नमुना नाही. अप्पांच्या अक्षरात एवढंच आहे: "नमुना घोड्यानं खाल्ला. गोड असावं."

पोखर्णीला नरसिंहाच्या देवळापुढं तर मार खायची वेळ आली होती. दर्शनाला आलेल्या एका तरण्या बाईला त्यांनी मूठभर गवत दाखवून विचारलं, "ह्याला काय म्हनता बाई?" मागून तिचा नवरा आला. काठी होती हातात. "माझ्या बायकोला काय इचारायलाव?" म्हणाला. अप्पांनी ते गवत त्याच्यापुढं धरलं. "तिनं चिमणचारा म्हनलं. तुमी काय म्हनता?" तो गांगरला. "शिंपी," म्हणाला. अप्पांनी काठीकडं न बघता तिथंच दगडावर बसून लिहिलं: एका घरात दोन नावं. मग नवऱ्याला म्हणाले, "दोघांचं बी बरोबर हाय. भांडू नका." ते भांडतच नव्हते. पण जाताना काठी खाली झाली होती.

माझ्या आईकडं ते आले ते असेच. चैत्राचे दिवस, ती गंगेत गुडघाभर पाण्यात. अप्पा छत्री उघडून घाटाच्या सगळ्यात वरच्या पायरीवर उभे.

"भागाबाई, जित्ती शिंपी आन निस्ती शिंपी, दोन्हीला एकच नाव का?"

"न्हाई अप्पा. जित्ती ती शिंप. आतलं गेलं, अर्धी राहिली, ती शिंपी. कैरी सोलायची, लेकराला गुटी पाजायची."

"जित्ती दाखव बरं."

आई वर चढायला लागली तसे अप्पा दोन पायऱ्या मागं सरले. कट्टर शाकाहारी माणूस, कांद्याचा वास आला तरी नाक धरणारा. "तिथूनच. अलीकडं नको आनू. उघड."

"उघडली. बघा."

अप्पांनी तोंड पलीकडं फिरवलं. "मी बघनार न्हाई. तू सांग, मी लिहितो. रंग कसला?"

"बघितल्याबिगर कसं कळंल तुमाला?"

"तुला कळतंय न्हवं? मग झालं."

आईनं रंग सांगितला, आतला चिकटपणा सांगितला, कोणत्या गाळात सापडते ते सांगितलं. मग अप्पांनी विचारलं, "हाताला चिरा कशाच्या?" तिनं बोटं पसरून एकेक चीर ओळखून सांगितली. अप्पांनी तेही लिहून घेतलं. घरी जाऊन स्नान केलं, विभूती लावली आणि पान पक्कं केलं.

मी तेव्हा सातवीत. अप्पांनी मला मोडी शिकवली होती, म्हणून ते पान मला वाचता आलं. खाली लिहिलं होतं: सांगणारी, भागाबाई. मी घरी जाऊन आईला सांगितलं, "तुझं नाव वहीत हाय." ती म्हणाली, "काय चुकलं माझं?" आमच्याकडं नाव लिहिलं जाई ते चावडीवर, आणि तिथं लिहिलं गेलं की घरात काळजी सुरू व्हायची. तिला समजावता समजावता माझी पुरेवाट झाली.

अप्पांना एकाच गोष्टीचा राग यायचा. कुणाच्या शब्दाला कुणी हसलेलं त्यांना चालत नसे. एकदा तांड्यावरची एक लमाण बाई दुकानात आली आणि तिनं तिच्या बोलीत काही मागितलं. ओट्यावर बसलेला एक शहाणा फिदीफिदी हसला. अप्पांनी त्याला हाताला धरून खाली उतरवलं. "तुला दोन गावची भाषा येती का? न्हाई ना? तिला चार गावची येती. जा." महिनाभर त्या माणसाला शेजारच्या गावातून तेल आणावं लागलं.

वहीची त्यांना फार चिंता. कसर लागायची. दर पावसाळ्यानंतर एखादं पान जाळीदार व्हायचं. अप्पा कडुनिंबाचा पाला घालायचे, उन्हात पानं पसरायचे, तरी दोन-चार नावं कसर खायचीच. "हातानं लिहिलेलं एका घरात राहतंय," ते म्हणायचे. "घर गेलं की गेलं. छापलेलं चार गावी राहतंय. दगडू, तू शीक. ही वही छापून दे मला."

दगडू म्हणजे मी. अप्पांनी ते एवढ्या वेळा म्हटलं की शेवटी मलाच ते माझं कर्तव्य वाटायला लागलं. मी शिकलो. गंगाखेडला, मग परभणीला, सगळं उर्दूतून, कारण निजामाच्या राज्यात शिक्षण उर्दूतूनच होतं. वजिफा, म्हणजे सरकारी शिष्यवृत्ती, मिळाली आणि हैदराबादेला कॉलेजात गेलो. आमच्या भोयांच्या आळीतून कॉलेजात गेलेला मी पहिला. हे मी मोठेपणासाठी सांगत नाही. मोठेपणा वाटायचा, हे मात्र खरं आहे, आणि पुढं जे झालं त्यात त्याचा हात आहे.

दुसऱ्या वर्षाच्या सुटीत मी गावी आलो तेव्हा शेतकी खात्याचे एक साहेब गंगाखेडला मुक्कामाला होते. सरकारला पिकातल्या तणांची फेहरिस्त, म्हणजे यादी, छापायची होती. वयस्कर, सभ्य गृहस्थ. मी जाऊन सलाम केला आणि छाती काढून सांगितलं, की आमच्या गावात अशी वही आहे जी अख्ख्या जिल्ह्यात नाही. साहेबांचे डोळे चमकले. "परसों आता हूँ," म्हणाले.

अप्पांनी ते दोन दिवस कसे काढले ते मी पाहिलं आहे. दुकान बंद. कोट धुतला, तो वाळेपर्यंत उपरणं पांघरून बसले. नवी शाई आणली. कसर लागलेली पानं आठवून आठवून पुन्हा लिहिली. साहेबांसाठी पुरणाचा स्वयंपाक सांगितला. येईल त्याला म्हणायचे, "छापायलेत आपली वही. हैदराबादला." आई निंदायला जाताना मुद्दाम वळसा घेऊन दुकानावरून गेली. पदर नीट करून गेली.

साहेब आले. ओट्यावर सतरंजी घातली होती. त्यांना मोडी येत नव्हती, म्हणून वाचणारा मी. अप्पा समोर मांडी घालून, दोन्ही हात गुडघ्यावर. मी पानामागून पान वाचत होतो, उर्दूत सांगत होतो, आणि साहेब "वाह" म्हणत होते. घोड्यानं खाल्लेला नमुना ऐकून ते मोठ्यानं हसले. अप्पाही हसले.

मग साहेबांनी मला हळूच सांगितलं, "बरखुरदार, बहुत अच्छा काम है. मगर छापने में जगह कम है. एक पौदा, एक नाम. और ये औरतों के नाम निकाल दीजिए. फेहरिस्त में इनकी क्या ज़रूरत?"

मला ते पटलं. शास्त्रात एका वनस्पतीला एक नाव असतं हे मी कॉलेजात शिकलोच होतो. मी अप्पांना तसं सांगितलं, आणि जरा शहाणपणानं सांगितलं. "अप्पा, जे जास्त गावात चालतं ते ठेवायचं. बाकीचं गाळायचं. छापून निघतंय, हे महत्त्वाचं."

अप्पांनी वहीवर हात ठेवला. "गाळायचं कुनाचं?"

"जे कमी लोक म्हणतात त्याचं."

"आन सांगनाऱ्या?"

"त्यांची नावं नकोत म्हणतात."

"तुझ्या आईचं काढू?"

साहेबांना वाटलं अप्पांना समजलं नसेल. त्यांनी वही पुढं ओढली, शिंपीचं पान त्यांनी वाळलेल्या गवतावरून ओळखलं होतं. "मसलन यह," म्हणाले. "पढ़िए." मी वाचलं. शिंपी, आमचं गाव. शिंपी, पोखर्णी. चिमणचारा, पोखर्णीच. पुढं आणखी तीन गावांची तीन नावं. आणि सगळ्यात खाली जुन्या, पिवळ्या पडलेल्या शाईत: पाव्हणी.

"पाव्हणी?" साहेबांनी विचारलं. "मेहमान? घास का नाम? यह कहाँ बोलते हैं?"

मी गावाचा रकाना बघितला. तिथं गाव नव्हतं. सांगणारीच्या जागीही नाव नव्हतं. दोन्हीकडं एकच शब्द होता: घरून.

"कितने लोग बोलते हैं?" साहेबांनी थेट अप्पांनाच विचारलं.

"एक, साब," अप्पा आपल्या दखनीत म्हणाले. "एकीच जन बोलती थी. अब कोई नै बोलता."

"तो फिर सबसे पहले इसी को निकालिए."

अप्पांनी वही उचलली, मिटली आणि फडक्यात बांधली. आवाज चढवला नाही. "जेवून जाव साब," म्हणाले. "खाना तयार हाय." साहेब भला माणूस. त्यांनी आग्रह केला नाही, पोटभर जेवले, अप्पांचा हात हातात घेतला आणि गेले. वही राहिली ती राहिलीच.

मला राग आला होता. दहा वर्षं ज्या माणसानं छापून दे, छापून दे म्हणून माझे कान खाल्ले, त्यानं दारात आलेली संधी एका शब्दासाठी परत पाठवली. मी तसं बोललो. अप्पा सतरंजी घडी करत होते. घडी करता करता त्यांनी सांगितलं.

त्यांची बायको भालकीकडची, कानडी घरातली. तेरा-चौदा वर्षांची सासरी आली तेव्हा तिला मराठीचे दहा शब्द येत होते. आळीतली पोरं तिला पाव्हणी म्हणायची, तो शब्द तिनं पहिल्यांदा उचलला. घरची चार एकर जमीन होती, तिथं सासूनं तिला खुरपायला बसवलं. गवत दाखवून सासूनं विचारलं, "ह्याला काय म्हनतेत तुमच्याकडं?" तिला आठवलं नाही. तिनं त्या गवताकडं बघितलं, आणि म्हणाली, पाव्हणी. न बोलावता आली, आणि सगळे काढायच्या मागं लागले, असं काहीतरी तिच्या मनात असावं.

"सगळं शेत हसलं," अप्पा म्हणाले. "आई म्हनली, मग जेवू घाल तिला. लय हसले. मी बी हसलो. सगळ्यात जास्ती मीच."

त्यांनी सतरंजीची आणखी एक घडी घातली.

"त्याच्यानंतर तिनं नवा शब्द काढला न्हाई तोंडातून. हूं म्हनायची, न्हाई म्हनायची. चार वर्षं. मग पटकीत गेली. मी तिच्या माहेरी गेलो, रेल्वेनं, हे गवत वल्ल्या फडक्यात घेऊन. तिकडं तरी कुनी पाव्हणी म्हनत असंल असं वाटलं. कुनी न्हाई म्हनत. तिचा तिनंच केला होता तो शब्द." त्यांनी सतरंजी कोपऱ्यात ठेवली. "जा तू आता. भागाबाई वाट बघत असंल."

मी हैदराबादेला परत गेलो. पुढची दोन वर्षं मी कॉलेजात जे काही वाचलं ते कुणी सांगितलं असेल, हा विचार मागं लागायचा. सरकारी फेहरिस्त निघाली. त्यात शिंपीला एक नाव आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही, फेहरिस्त अशीच असते.

मी बी.ए. झालो आणि त्या उन्हाळ्यात गावी येऊन अप्पांच्या ओट्यावर बसलो. हैदराबादेहून जाड कागद आणला होता. अप्पांच्या डोळ्यांत आता मोतीबिंदू होता. मी मोडीतून वाचायचो, ते मान डोलवायचे, आणि मी बाळबोध लिपीत उतरवायचो. एकाच्या दोन प्रती. चैत्र आणि वैशाख त्यातच गेले. कसरीनं जे खाल्लं होतं तिथं बायका येऊन सांगून जायच्या. आईनं तिची दोन पानं स्वतः ऐकून तपासली आणि एक चूक काढली. चूक माझी होती, अप्पांची नव्हे.

शिंपीच्या पानाला आलो तेव्हा खालच्या ओळीपाशी मी थांबलो. गावाच्या रकान्यात मी लिहिलं, घरून. सांगणारीच्या रकान्यात लिहिलं नाही.

"अप्पा, इथं नाव लागतंय."

"घरून लिहिलंय की."

"ते गाव झालं. सांगणारीचं नाव सगळीकडं हाय. इथंच न्हाई."

आमच्याकडं नवरा बायकोचं नाव घेत नाही. जिवंत असताना तर नाहीच, आणि गेल्यावर घेण्याचं कारण उरत नाही. अप्पा जिल्ह्यातल्या दर बांधाला जाऊन परक्या बायकांची नावं विचारत फिरले होते. गावात त्यांच्या बायकोचं नाव माहीत असलेलं कुणी शिल्लक नव्हतं. मी टाक शाईत बुडवला आणि वाट बघत बसलो. अप्पांनी रस्त्याकडं बघितलं, ओट्यावर आणखी कुणी नाही ना ते पाहिलं. एकदा घसा साफ केला. मग म्हणाले, "नीलव्वा."

"एकदा सांगा परत. शुद्ध लिहायचंय."

"नीलव्वा," ते म्हणाले, आणि या खेपेला आवाज स्पष्ट होता. "लिही."

मी दोन्ही प्रतींत लिहिलं. एक प्रत अप्पांच्या दुकानात राहिली. दुसरी मी परभणीला मास्तर म्हणून लागलो तेव्हा शाळेच्या कपाटात ठेवली, आणि ती तिथं आहे. वहीतली सगळी नावं तिच्यात आहेत. सांगणाऱ्या सगळ्या बायकांचीही.